कोरीवकामाच्या यंत्रावर घरगुती बुद्धिबळाचा संच

ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्या नाशिकमध्ये राहून प्लॅस्टिकचे मोहरे हलवणे मला रुचेना, म्हणून सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर) लाकडी संच करायला घेतला. पांढऱ्या मोहऱ्यांसाठी शिवणीचे आणि काळ्यांसाठी शिसवाचे लाकूड वखारीतून निवडून घ्यावे. मात्र ते पावसाळ्यात आणले असेल, तर महिना-दोन महिने घरात सावलीत वाळू द्यावे.

राजाची उंची 95 मिमी, वजिराची 85 आणि प्याद्याची 50 ठेवावी. राजाचा तळ 40 मिमी धरल्यास पटाचे घर 55 मिमीचे शोभते. प्रत्येक मोहऱ्याचा संगणकातला आराखडा उभा दुभागून दोन अर्धे भाग 20 मिमी जाडीच्या फळीवर कोरावेत: आधी 6 मिमीच्या सपाट बिटने (यंत्राच्या फिरत्या पात्याने) जादा लाकूड काढावे, मग 3 मिमीच्या गोल टोकाच्या बिटने बारकावे उतरवावेत. भाग सुटून उडू नयेत म्हणून कडेला लाकडाचे छोटे दुवे राखावेत.

खरी परीक्षा घोड्याची. लाकडाचे रेषे आडवे ठेवल्यामुळे माझ्या पहिल्या घोड्याचा कान पॉलिशपेपरच्या पहिल्याच घासणीत तुटून हातात आला. रेषे तळापासून कानाच्या दिशेने उभेच हवेत.

अर्धे भाग सरसाने जोडून रात्रभर शिकंज्यात ठेवावेत, नंतर 120 पासून 320 नंबरपर्यंतच्या पॉलिशपेपरने घासावेत. शिसवाचा भुसा घशाला झोंबतो, तेव्हा मास्क लावावा. मोहऱ्याला वजन यावे म्हणून तळात भोक पाडून लोखंडी नट बसवावा, त्यावर मखमल चिकटवावी आणि शेवटी लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.