बाहुलीघराची खोली: आधी सजावट, मग जोडणी

किटच्या भिंती चिकटवायची घाई नको. आधी सगळं नुसत्या मास्किंग टेपने उभं करून बघा, दार-खिडक्या पेन्सिलीने आखा आणि भिंती पुन्हा आडव्या घ्या. दिवे हवे असतील तर तारा आत्ताच बसवा. भिंतींच्या एमडीएफला (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीला) प्रायमरचा पातळ हात द्या. सुकला की २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. १:१२ मापात (खरा एक फूट म्हणजे इथे एक इंच) भिंतीला बारीक नक्षीचाच कागद शोभतो, मोठी फुलं अख्खी भिंत खातात. फेव्हिकॉलमध्ये थोडंसंच पाणी घालून ब्रशने लावा आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढत जा. फरशीला मी आइस्क्रीमच्या काड्या वापरते: गोल टोकं छाटायची, सांधे मागेपुढे ठेवायचे. मग भिंती जोडा. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, अगदी शेवटी, कोपऱ्यात ४५ अंशांत कापून. कागदाची वाकडी कड तिच्याखाली बिनबोभाट झाकली जाते.