चेहऱ्यावरचा जिवाणूसंसर्ग कसा ओळखावा

लहान मुलाच्या नाकाखाली किंवा ओठांच्या कडेला आलेला फोड फुटून त्यावर मधाच्या रंगाची, पिवळसर चिकट खपली धरली, तर तो बहुधा इम्पेटिगो असतो. स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे होणारा हा संसर्ग २ ते ५ वर्षांच्या मुलांत विशेष आढळतो. मूल खपली नखाने खरवडते, तेच बोट गालाला लावते आणि काही दिवसांत तिथेही नवा फोड दिसू लागतो. म्हणून त्याचा टॉवेल व उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा आणि नखे कापावीत. ओठावर आधी मुंग्या येऊन, जळजळ होऊन मग पाणीदार फोडांचा पुंजका उठला, तर मात्र तो हर्पिस विषाणूचा असण्याची शक्यता अधिक, आणि त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही.

गालावरची लाली हाताला गरम लागत असेल, दुखत असेल, तिची कड उंचावलेली व स्पष्ट असेल आणि सोबत थंडीताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लालीच्या कडेने पेनने रेघ ओढून ठेवल्यास ती पसरते आहे का, हे नेमके कळते.

नाक व वरच्या ओठावरचे गळू कधीही पिळू नये, कारण तेथील शिरा मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांना जोडलेल्या असतात. डोळ्याभोवती सूज येऊन डोळा हलवताना दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर तडक रुग्णालय गाठावे. दुकानातून स्वतःहून आणलेले स्टिरॉइडयुक्त मलम लावू नये. त्याने लाली दबते, संसर्ग मात्र आत वाढत राहतो.