जुन्या गाडीने पश्चिम विदर्भ: सिंदखेडराजा ते गाविलगड

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा जुनी जीप घेऊन निघायचं असेल तर नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हाच काळ धरा. मार्चनंतर विदर्भाचं ऊन इंजिनाला सोसत नाही. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर आणि दोन ठिकाणं, याहून जास्त ठरवू नका. सकाळी सातला निघा, अकराच्या आत मोठा पल्ला संपवा, दुपार वास्तू बघण्यात घालवा आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचा. या दिवसांत कापूस भरलेल्या बैलबंड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्यांना मागे दिवा असेलच असं नाही, आणि जुन्या हेडलाइटच्या पिवळ्या उजेडात ते फार उशिरा दिसतात.

आधी कागद बघा. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी नूतनीकरण झालेली हवी आणि विमा चालू हवा. गाडी पन्नास वर्षांवरची असेल आणि 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज पाटी घेतली असेल, तर ती फक्त प्रदर्शन, विंटेज रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. अशा गाडीने घरगुती सहल करता येत नाही. त्यासाठी साध्या नोंदणीची गाडीच घ्या.

निघण्याच्या आठवडाभर आधी रेडिएटर उतरवून आतून-बाहेरून धुऊन घ्या. कापसाचे तंतू आणि धूळ जाळीत गच्च बसतात, वरून जाळी स्वच्छ दिसली तरी हवा आत जात नाही. इंजिन ऑइल 20डब्ल्यू-50 भरा. स्पार्क प्लगची फट 0.6 मिमी ठेवा, हॅकसॉच्या पात्याची जाडी साधारण तेवढीच असते. ब्रेक ऑइल वर्षाहून जुनं असेल तर पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, उतारावर ड्रम तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल खाली जातं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुने रबरी पाइप आणि पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा पडदा फुगतो, चिरतो. इथेनॉल सोसणारे पाइप बसवा आणि पंपाचं किट बदलून टाका. टाकी आणि पंपाच्या मधे एक पारदर्शक फिल्टर जरूर लावा, घाटात तो डॉक्टरसारखा उपयोगी पडतो.

डिकीत फॅनबेल्ट, रेडिएटरचा वरचा-खालचा होज आणि क्लिपा, ठिणगीसाठीचे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल, दोन ट्यूब, लिटरभर ऑइल, दहा लिटर पाणी, सुती फडकी आणि चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे असू द्या. आडवाटेच्या गावातला पंक्चरवाला ट्यूब जोडून देईल, पण तुमच्या मापाची नवी ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही.

पहिला दिवस सिंदखेडराजाचा. समृद्धी महामार्ग गावाजवळून जातो, पण तो टाळा. तिथली वाहनं ताशी 120 च्या वेगात असतात, चाळीस अश्वशक्तीच्या गाडीने त्यांच्यात शिरणं धोक्याचं. जुन्या रस्त्याने या. लखुजीराजे जाधवांचा राजवाडा म्हणजे जिजाऊंचं जन्मस्थान, जन्म 12 जानेवारी 1598. लखुजीराजांची समाधी, मोती तलाव आणि काळाकोट निवांत बघा. 12 जानेवारीच्या मागेपुढे गाडी आणू नका. जिजाऊंच्या जयंतीला इतकी माणसं येतात की गर्दीत हळू चालताना इंजिन तापतं.

दुसऱ्या दिवशी लोणार आणि मेहकर. उल्कापाताने झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर आणि त्यातलं सरोवर बहुतेक जण काठावरूनच बघून निघतात. गावातलं दैत्यसूदन मंदिर मात्र चुकवू नका. बाहेरच्या भिंतींना इतके कोन पाडले आहेत की ऊन सरकेल तशा मूर्ती एकेक उजळत जातात, त्यामुळे सकाळचीच वेळ धरा. गाडी काळ्या मातीवर उभी करू नका. अवकाळी सर आली तर चाकं रुततात आणि मागचा टायर जागेवरच फिरत राहतो. मुरूम किंवा डांबर शोधा. मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली उभी मूर्ती बघून मुक्काम करा.

तिसरा दिवस लांबचा: खामगावमार्गे बाळापूर, तिथून अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा. हे अंतर एका दमात तोडू नका, जमल्यास अकोटला रात्र काढा. बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने सुरू केला आणि 1757 मध्ये तो पूर्ण झाला. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. पुढचा रस्ता 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धातून जातो. अकोटजवळच्या अडगावला 29 नोव्हेंबरला लढाई झाली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, 17 ला नागपूरच्या भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि 30 डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. अडगाव आधी करून गड शेवटी ठेवला की हा महिना नीट उलगडतो.

परतवाड्याच्या मुक्कामानंतरचा दिवस घाटाचा. परतवाड्याला टाकी भरा, टायरमधली हवा थंड असताना तपासा आणि सातच्या आत चढायला लागा. चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर, म्हणजे चढ सातशेच्या आसपास. दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखी चढवा. तिसऱ्यात दमवत नेलीत तर पंखा हळू फिरतो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

गाडी मिसिंग मारत बंद पडली तर आधी फिल्टर बघा. रिकामा किंवा बुडबुड्यांनी भरलेला असेल तर पेट्रोलची वाफ झाली आहे: चाकाला ठोकळा लावा, बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं घाला आणि वीस मिनिटं थांबा. स्टार्टर मारत राहिलात तर फक्त बॅटरी उतरेल. फिल्टर भरलेला असेल तर दोष बहुधा ठिणगीत आहे. आधी कंडेन्सर बदला, तो तापल्यावरच दगा देतो आणि थंड झाला की पुन्हा चालतो, म्हणून माणूस फसतो. तापमानाचा काटा लाल रेषेला गेला तर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं आयडलवर ठेवा. रेडिएटरचं झाकण निदान अर्धा तास उघडू नका.

गाविलगड मेळघाटच्या जंगलात आहे, तेव्हा वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा आणि सायंकाळच्या आत बाहेर या. चिखलदऱ्याकडून म्हणजे उत्तरेकडून तुम्ही येता, 1803 मध्ये इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या तुकडीने तोफा डोंगरांतून ओढून याच बाजूला आणल्या आणि तट फोडला. शार्दूल दरवाजावर गंडभेरुंडाचं शिल्प आहे: दोन तोंडांचा पक्षी, चोचींत आणि नख्यांत हत्ती. पायऱ्यांवर थोडं मागे सरून वर बघा, दरवाजाला खेटून उभं राहिलं तर ते नीट दिसत नाही.

उतरताना इंजिन कधीही बंद करू नका. दुसऱ्या गिअरमध्येच या, ब्रेक दाबून ठेवू नका, दाबा आणि सोडा. जळका वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर सपाट जागी थांबून पंधरा मिनिटं ड्रम निववा, त्यांच्यावर पाणी ओतू नका, बिडाला तडा जातो. परतवाड्याला पोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन ऊब बघा. एकच चाक जास्त तापलेलं लागलं तर त्याचा ब्रेक चिकटतो आहे, परतीच्या वाटेला लागण्याआधी ते खोलून घ्या.