टायमिंग चेन खडखडते? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

"सकाळी चालू केली की दोन-तीन सेकंद खडखडतंय, मग गप्प होतंय की ओ. चेन खराब असती तर दिवसभर वाजली नसती काय?" खानापूरहून गाडी घेऊन आलेले काका विचारत होते. आधी एका गॅरेजात त्यांनी कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम दांडा कुठं आहे ते सांगणारा) बदलून घेतला होता. आठवड्यात चेक इंजिनचा दिवा परत लागला.

स्कॅनर लावला तर कोड पी००१६. इथंच पहिली चूक होते. हा कोड म्हणजे सेन्सर गेला असं नव्हे. पिस्टनने फिरणारा क्रँक आणि कॅम टायमिंग चेनने जोडलेले असतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, आणि ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) तो मेळ चुकलेला दिसतोय, एवढंच तो कोड सांगतो. चेनच्या पिना झिजतात, चेन लांबते, कॅम मागे पडतो. ईसीएम ठिणगी मागेपुढे करू शकतो, पण ढिली चेन ओढून घेऊ शकत नाही. पूर्वी डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटणारा भाग) फिरवून ठिणगीचं टायमिंग लावायचे, तशी सोय या गाड्यांत नाही. पी०३४० आला तर मात्र कॅम सेन्सरचं सर्किट तपासा. जांबोटीकडच्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी जातं, उंदीर वायरी कुरतडतात. तिथंही आधी वायर बघायची, मग सेन्सर.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर ऑईलमध्ये आहे. बऱ्याच गाड्यांत चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑईल खाली उतरतं, सकाळी दाब येईपर्यंत ढिली चेन गाईडवर (चेन ज्यावरून सरकते त्या पट्टीवर) आपटते. काकांची डिपस्टिक काढली तर खालच्या खुणेपर्यंतसुद्धा ऑईल नव्हतं. होतं ते डांबरासारखं काळं. आवाज बसावा म्हणून ५डब्ल्यू-३०च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतणारे आहेत. कृपा करून तसं करू नका. जाड ऑईल थंड इंजिनात टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं आणि व्हीव्हीटीही (व्हॉल्व्हचं टायमिंग मागेपुढे करणारी यंत्रणा) सुस्तावतं.

पुढचं कव्हर उघडलं. टेन्शनरचा दांडा जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आलेला, गाईडच्या प्लॅस्टिकवर नखाने ओढल्यासारखे दोन खोल चर. अशा वेळी नुसती चेन बदलणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. टेन्शनर, गाईड, झिजलेले स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) सगळं बदला. खालचं ऑईल चेंबर उतरवून ऑईल ओढणाऱ्या जाळीत प्लॅस्टिकचे तुकडे अडकलेत का तेही बघा, नाहीतर नवी चेनसुद्धा ऑईलविना वाजेल.

चेन बसवल्यावर क्रँक पान्याने, हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेने दोन फेरे फिरवा. अडकला तर थांबा, स्टार्टर मारू नका. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा जुळल्या पाहिजेत. चेनच्या रंगीत कड्या मात्र जुळणार नाहीत. त्या बघून घाबरून नीट बसवलेली चेन परत खोलणारी पोरं मी पाहिलीत.

चोर्ला घाटात गाडी बंद पडली आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भराभर फिरतोय असं वाटलं, तर चेन तुटली किंवा स्प्रॉकेटच्या दातावरून सरकली असू शकते. परत परत सेल मारू नका, ढकलून तर मुळीच चालू करू नका. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले तर हेड उतरवावं लागतं. गाडी टो करूनच आणा.