प्रवाळांच्या टाकीतले कॅल्शियम: मोजावे कसे, द्यावे कसे

समुद्री टाकीतल्या प्रवाळांची वाढ खुंटली की बहुतेक जण आधी कॅल्शियमची बाटली उघडतात. माझ्या मते हात आधी क्षारतामापकाकडे जायला हवा. समुद्राच्या पाण्याची क्षारता, म्हणजे खारेपणा, हजारी ३५ असताना त्यात लिटरमागे साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. क्षारता ३१ वर उतरली, तर प्रवाळांनी काहीही वापरलेले नसताना हा आकडा ३६५ च्या आसपास येतो. अशा वेळी नुसते कॅल्शियम ओतू नये. पुढच्या दोन-तीन पाणीबदलांत मिठाचे प्रमाण वाढवून क्षारता हळूहळू ३५ वर आणावी आणि मगच पुन्हा मोजावे.

कठीण सांगाड्याचे प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट यांपासून अरॅगोनाइट नावाच्या स्फटिकरूपात कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचतात. अक्रोपोरासारखे झपाट्याने फांद्या फोडणारे प्रकार त्यासाठी पुष्कळ कॅल्शियम ओढतात, मऊ प्रवाळांना ते फारच थोडे लागते, आणि दगडांवर व काचेवर चढणारे जांभळट कोरलाइन शैवालही आपला वाटा घेते. (भारतात हे कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, मालवणच्या समुद्रातून एखादी फांदी तोडून आणणे हा गुन्हा आहे. हे मार्गदर्शन कायदेशीरपणे वाढवलेले प्रवाळ जेथे मिळतात, तेथे टाकी ठेवणाऱ्या वाचकांसाठी आहे.)

सांगाड्यातला कार्बोनेटचा भाग येतो तो पाण्याच्या अल्कलिनिटीतून, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या साठ्यातून. मराठीत काही जण यालाही क्षारता म्हणतात आणि मग खारेपणाशी त्याचा घोळ होतो, म्हणून येथे अल्कलिनिटी हाच शब्द ठेवला आहे. प्रवाळ लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम वापरतात, तेव्हा अल्कलिनिटी २.८ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) इतकी घटते. म्हणजे अल्कलिनिटी ८ वरून ७ वर येते त्याच काळात कॅल्शियम ४२० वरून फक्त ४१३ होते. पहिली घट घरगुती चाचणीत स्पष्ट दिसते. दुसरी त्या चाचणीच्या चुकीतच बुडून जाते. त्यामुळे टाकीचा रोजचा खप अल्कलिनिटीवरून काढावा आणि कॅल्शियम आठवड्यातून एकदा तपासावे.

खप काढण्यासाठी दोन दिवस टाकीत काहीही न घालता रोज एकाच वेळी मोजमाप घ्यावे. समजा, १०० लिटर पाण्यात अल्कलिनिटी ८.४ वरून ७ झाली. रोजची घट ०.७, म्हणजे लिटरमागे ५ मिलिग्रॅम आणि सगळ्या टाकीत मिळून अर्धा ग्रॅम कॅल्शियम. ते आणि घटलेली अल्कलिनिटी भरून काढण्यासाठी रोज सुमारे १.८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) आणि २.१ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. दोन्ही आरओच्या पाण्यात वेगवेगळे विरघळवावेत. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना भांडे गरम होते, तेव्हा ते थोडे थोडे घालावे. दोन्ही द्रावणे टाकीत एकदम कधीही सोडू नयेत, कारण ती जेथे भेटतील तेथे पांढरा साका धरतो आणि दोन्ही वाया जातात. एक सकाळी आणि दुसरे संध्याकाळी, पंपाच्या जोरदार प्रवाहात सोडलेले बरे. मागची तूट भरून काढतानाही अल्कलिनिटी एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नये.

कॅल्शियमची चाचणी करताना घाई नडते. नमुन्याचा गुलाबी रंग आधी जांभळट होतो आणि मग निळा. जांभळटपणा दिसू लागला की एकेक थेंब टाकून, नळी हलवून, पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावे. गुलाबी छटेचा मागमूसही उरला नाही, म्हणजे चाचणी पूर्ण झाली. आकडा ४०० ते ४५० मध्ये असेल, तर तो आणखी वाढवल्याने प्रवाळ लवकर वाढत नाहीत.

पुरेसे घालूनही कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे आकडे टिकत नसतील आणि हीटरवर किंवा पंपाच्या पात्यांवर पांढरी पुटे चढत असतील, तर मॅग्नेशियम तपासावे. ते लिटरमागे १२५० ते १३५० मिलिग्रॅम असायला हवे. ते कमी पडले की कॅल्शियम कार्बोनेट प्रवाळांऐवजी यंत्रांवर बसू लागते, आणि तोवर वरून घातलेले कॅल्शियम फुकट जाते.

खप मध्यम असलेल्या टाकीसाठी मला चुन्याची निवळी सर्वांत सोपी वाटते, कारण तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी योग्य प्रमाणातच मिळतात. लिटरभर आरओच्या पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळून झाकून ठेवावे आणि गाळ खाली बसल्यावर फक्त वरचे नितळ पाणी घ्यावे. पानाच्या डब्यातला चुनाही रसायन म्हणून तोच असला, तरी त्याच्या शुद्धतेची खात्री नसल्याने तो वापरू नये. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. हातमोजे घालावेत, आणि बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी ती थेंबथेंब, शक्यतो रात्री सोडावी, कारण टाकीचा पीएच रात्रीच उतरतो.

प्रवाळ वाढतील तसा खप वाढत जातो, आणि मोठ्या फांद्या छाटून दिल्या की तो एकदम घटतो. छाटणीनंतरही जुनेच माप चालू ठेवले, तर अल्कलिनिटी चढू लागते. म्हणून त्या आठवड्यात दोन दिवसांचे मोजमाप पुन्हा करावे.