जगलिंगमध्ये हातांची स्थिती लिहिताना या चुका टाळा

१९७०च्या दशकात स्टीव्ह मिल्स यांनी लोकप्रिय केलेला ‘मिल्स मेस’ हा तीन चेंडूंच्या जगलिंगचा (चेंडू सतत फेकत-झेलत राहण्याचा) प्रकार साइटस्वॅप या लेखनपद्धतीच्या आकड्यांत लिहायला गेलो, तर केवळ ‘३’ एवढेच हाती लागते, आणि कॅस्केड या दोन्ही हातांनी आळीपाळीने फेकण्याच्या साध्या प्रकाराचा आकडाही तोच आहे. १९८०च्या दशकात पुढे आलेली साइटस्वॅप पद्धत चेंडू किती ठोक्यांनी, म्हणजे फेकण्याच्या किती पाळ्यांनी, पुन्हा फेकला जाईल एवढेच सांगते. हात एकमेकांवरून गेले की मोकळे राहिले, हे ती सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मिल्स मेसच्याच नावाची स्थिती-आकृती वापरतात. तिच्यात ‘आर’ म्हणजे उजवा हात डाव्यावर, ‘एल’ म्हणजे डावा उजव्यावर आणि ‘यू’ म्हणजे हात मोकळे, अशा तीन स्थिती असतात. प्रत्येकीसोबत आता फेकणारा हात लिहिला की एकूण ६ नोंदी होतात, आणि एका ठोक्याच्या नोंदीवरून पुढच्या ठोक्याच्या नोंदीकडे बाण काढतात. मिल्स मेसच्या एका पूर्ण फेऱ्यात या सहाही नोंदी एकेकदा येतात.

पहिली चूक क्षण निवडण्यात होते. चेंडू झेलताना हात कसे होते हे लिहू नये. तो हातातून सुटतानाची स्थितीच नोंदवावी. त्याचप्रमाणे, हात ओलांडलेले असताना उजवा हात शरीराच्या डाव्या बाजूला असतो, म्हणून चेंडू कोणत्या बाजूने उडाला यावरून हात ठरवणे धोक्याचे आहे.

सर्वांत जास्त घोळ मात्र सम-विषमाचा होतो. हात आलटून पालटून चालतात, त्यामुळे आकृतीतील बंद फेऱ्यात ठोके समसंख्येनेच यावे लागतात. ‘बर्क्स बराज’ या तीन चेंडूंच्या दुसऱ्या प्रकाराचे साइटस्वॅप ४२३ आहे; त्याचे तीनच ठोके लिहून फेरा मिटवला, तर उजव्या हाताने सुरू झालेली नोंद डाव्या हातापाशी येऊन थांबते आणि बाण जुळत नाही. अशा वेळी पुढचे तीन ठोके हात बदलून लिहावेत, म्हणजे सहा ठोक्यांत फेरा पूर्ण होतो. तरीही जुळत नसेल, तर बहुधा ‘२’ गाळला गेलेला असतो. त्या ठोक्याला चेंडू सहसा हातातच राहतो आणि हात तेवढा दुसरीकडे नेला जातो. काही फेकलेले दिसत नाही म्हणून नवशिके तो सोडून देतात, पण ठोका पडलेला असतो आणि त्याची स्थितीही लिहावीच लागते. पाच ठोक्यांचे साइटस्वॅप मिल्स मेसच्या हातांवर बसवले, तर सारे काही मूळ जागी येण्यास ३० ठोके लागतात. तेथे घाईने फेरा बंद करू नये.

‘आर’वरून थेट ‘एल’वर जाणारा बाण पाहून काही जण मध्ये ‘यू’ घुसवतात. वाटेत हात मोकळे होतात हे खरे, परंतु तेथे ठोका पडत नसेल तर ती नोंद चुकीचीच ठरते.

व्हिडिओवरून लिहिताना आणखी जपावे. सेल्फी कॅमेऱ्याने चित्र उलटे साठवले असेल, तर डावे-उजवे दोन्ही एकदमच बदलतात, आकृती अगदी नीट जुळते आणि वर सांगितलेली एकही तपासणी ही चूक पकडू शकत नाही. म्हणून चित्रीकरणापूर्वी डाव्या मनगटावर ठळक रंगाची पट्टी बांधावी आणि पहिली नोंद करण्याआधी ती पडद्यावर कोणत्या हातावर दिसते हे पाहून घ्यावे.