जुन्या पायपर पॉनीचा इतिहास कसा काढायचा

लॉगबुक, म्हणजे विमानाची नोंदवही, हातात घेण्याआधी अनुक्रमांकाची पाटी पाहा. पीए-25 पॉनी या पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानाचं उत्पादन 1959 ते 1981 चाललं. 1970च्या दशकातल्या विमानांच्या क्रमांकात बहुधा मॉडेलवर्ष असतं: 25-74 ने सुरू होणारा क्रमांक 1974चा. पाटीचे रिव्हेट नवेकोरे दिसले, तर सांगाडा तोच आहे का हे आधी विचारा.

विमान अमेरिकेत नोंदलेलं असेल तर एफएए या तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेकडून त्याची पूर्ण फाइल मागवा. मालकांच्या नावांपेक्षा त्यातले फॉर्म 337 वाचा. मोठ्या दुरुस्त्या आणि फेरबदल तिथे सापडतात. बऱ्याच पॉनी पुढे ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, ओढायला लागल्या. म्हणून त्यासाठीचा टो-हुक (ओढायचा आकडा) बसवल्याची तारीख साधारणपणे फवारणी संपल्याची तारीख धरता येते. त्याआधीचं लॉगबुक 'हरवलेलं' असेल, तर नेमकी सर्वांत खडतर वर्षंच गायब आहेत. इंजिनाचे फेरे आणि तास मोजणारा टॅकोमीटर बदलल्याच्या नोंदीही शोधा, नाहीतर तासांची बेरीज चुकते.

आता कागद बाजूला ठेवा. पॉनीचे रचनाकार फ्रेड वाइक यांनी या विमानात हॉपर (औषधाची टाकी) इंजिन आणि वैमानिक यांच्या मधे ठेवला: अपघातात जड वजन माणसाच्या मागून अंगावर येऊ नये म्हणून. रचना उत्तमच, पण हॉपरमधून सांडलेलं औषध पोटातून शेपटीकडे जातं. गंधकाची भुकटी ओल धरली की आम्ल होतं आणि कापडाखालच्या सांगाड्याच्या पोलादी नळ्या खातं. तांब्याची औषधं ॲल्युमिनियमला खड्डे पाडतात. पोटाखालचं कापड उघडून खालच्या लांब नळ्या आणि शेपटीजवळचे जोड बोथट टोच्याने दाबत जा. टोक रुतलं तर तेवढी नळी बदलायची, रंग मारून भागत नाही. कापड नवं, पण लॉगमध्ये नळ्या घासल्या-रंगवल्याची नोंद नाही, हा नेहमीचा सापळा.

पंखाला आधार देणारे तिरपे स्ट्रट (पोकळ दांडे) आतून गंजतात, कारण पाणी खालच्या टोकाला साचतं. त्यांच्यासाठी एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेचा सक्तीचा आदेश, आहे; सीलबंद स्ट्रट नसतील तर तपासणी दर 24 महिन्यांनी लागते. त्या नोंदी एकामागून एक लावून पाहा. मधली एखादी नोंद राहून गेली असेल, तर नव्या स्ट्रटचा खर्च धरूनच किंमत बोला.